वन्सं, तुमचा कंदुरीतला मान

वन्सं, आयुष्यात पहिल्यांदा मी बोलतेय आणि तुम्ही गप्प आहात. ही संधी मी सोडणार नाही. मध्येच 'चूक!' म्हणून बोट वर करायला तुम्ही नाही, 'पुन्हा सांग, नीट सांग' म्हणत चष्म्यावरून बघायला तुम्ही नाही. बाहेर ओट्यावर बाया बसल्यात. त्यांना वाटतंय, शोभा आत बसून रडत असेल. रडून झालं, वन्सं. सकाळीच उरकून घेतलं. आता मला बोलायचंय.

तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, मुरुमच्या शाळेतली तुमची नोकरी, हे सगळं तुमचे विद्यार्थी लिहितील. शोकसभेत एकानं लिहून आणलेलं वाचलंसुद्धा. त्यात तुम्ही 'शांत, मितभाषी आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' होतात म्हणे. मी पदर तोंडावर ओढला. शेजारणीनं पाठीवरून हात फिरवला, तिला वाटलं हुंदका आला. तुम्ही असतात तर मला कोपरानं ढोसलं असतं आणि म्हणाला असतात, "हा कुठल्या बाईबद्दल बोलायलाय गं?"

मी तामलवाडीची. जळकोटच्या या घरात नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूची भीती घालून माहेरच्यांनी पाठवलं होतं. सासू गरीब गाय निघाली. नणंदेबद्दल कुणी काही सांगितलंच नव्हतं! तुम्ही यांची थोरली बहीण, लग्नाला ठाम नकार दिलेली, पगारदार. आठवडाभर मुरुमला खोली करून राहायच्या आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं घरी यायच्या. आल्या की पिशवी खुंटीला अडकवून सरळ चुलीसमोर. मी भाकरी थापत होते. पहिला प्रश्न तुम्ही मला विचारला तो हा:

"शोभा, भाकरीत काय असतं?"

"जवारी."

"आन जवारीत?"

"कष्ट," मी म्हणाले.

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, जीव थाऱ्यावर राहिला नाही. नवी सून शिकलेल्या नणंदेला उलट बोलली! तुम्ही मात्र पाटावर बसलात, हसून हसून डोळे पुसलेत आणि म्हणालात, "कष्ट माणसाचे. जवारीत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आन थोडा नायट्रोजन. तुझ्यात बी त्येच. दारातल्या शेळीत बी त्येच."

"म्हणजे वन्सं, शेळी आन मी एकच?"

"माल एकच. घडण वेगळी. शेळी उलट बोलत न्हाय."

तिथून आपलं जमलं ते जमलंच. नणंद-भावजयीचं भांडण बघायला टपलेल्या बायांची तुम्ही आणि मी इतकी वर्षं निराशा केली, आणि भांडायचो तर रोज! पण कशावरून? दुधाचं दही होताना आत कोण राबतं यावरून. डाळीतलं प्रथिन पोटात गेल्यावर सुटे मणी होतात आणि त्याच मण्यांची आपलं शरीर नवी माळ ओवतं, हे खरं की तुम्ही मला येड्यात काढताय, यावरून. तुम्ही म्हणालात, "तुझ्यात निम्म्याहून जास्त पाणी हाय." मी म्हणाले, "म्हणजे मी माझ्या आमटीसारखीच की." तुम्ही आमटीची वाटी पुढं ओढलीत, एक भुरका मारलात आणि म्हणालात, "न्हाय. तुझ्या रक्तात मीठ तरी बरोबर असतंय."

पेशीचं मला कळेना तेव्हा तुम्ही फळा मागितला नाहीत. आपल्या घरात सासरे मागावर घोंगडी विणायचे, आत्याबाई लोकर कातायच्या. तुम्ही सुताच्या गुंडीतून एक धागा ओढून माझ्या खांद्यावर टाकलात.

"ऊब आली का?"

"एका धाग्यानं कशी येईल?"

"ही पेशी. एकटी जगती, खाती, श्वास घेती, पण एकटीनं ऊब देत न्हाय. एका जातीचे धागे एकमेकांत गुंतले की घोंगडी. तिला ऊती म्हणायचं. ऊती म्हणजेच विणलेलं. आन घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली, दोरीनं बांधली, पावसात कामाला लागली, की ते झालं इंद्रिय."

"आन अख्खा माणूस?"

तुम्ही मागाकडं बोट केलंत. सासरे तिथं विडी शिलगावत होते. "त्यो काय, खोळ घेऊन शेळ्यांमागं जाणारा."

सासरे म्हणाले, "माझं नाव कशाला मधी?"

वन्सं, त्या वेळी मला वाटायचं, ही सगळी आपली शनिवारची करमणूक आहे. गावात तेव्हा दुसरी होती तरी कुठली? ती करमणूक एक दिवस माझ्या उपयोगी पडणार आहे, हे मला कुठं माहीत होतं.

अश्विनी झाली. माझी पहिली लेक, तुमची भाची. दूध पिताना तिला घाम यायचा. चार घोट प्यायची आणि दमून सोडून द्यायची. अंगच धरेना, खोकला सुटेना. आत्याबाई मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या, शेजारपाजारच्या बाया वेगवेगळ्या काढ्यांची नावं सांगायच्या. तुम्ही शनिवारी आलात, पोरीला मांडीवर घेतलंत आणि तिच्या इवल्याशा छातीला कान लावून डोळे मिटलेत. 

"शोभा, इथं दोनच आवाज यायला पायजेत. मधी वारा घुसल्यागत तिसरा येतोय."

सोमवारी तुम्ही शाळेला गेला नाहीत. आम्हाला घेऊन सोलापूरला गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या आतल्या भिंतीला भोक आहे. थोडी वाढू द्या, कधी कधी आपोआप बुजतं. ते आपोआप बुजलं नाही. पोरगी बालवाडीत जायच्या वयाची झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता शिवायला हवं. इकडं आत्याबाईंनी गावाबाहेरच्या पिराला नवस बोलला, पोर बरी झाली की बोकडाची कंदुरी करीन, भावकीला जेवू घालीन. तुम्ही नवसाला नाही म्हणाला नाहीत. "तुझ्या पिराला सांग, डॉक्टरांच्या हाताला कंप सुटू देऊ नको," एवढंच म्हणालात.

त्या दवाखान्यातला बाक मला अजून दिसतो. आत माझ्या लेकराची छाती उघडलेली आणि बाहेर तुम्ही मला शिकवताय! दुसरी कुठली नणंद असती तर देवाचं नाव घेत बसली असती. तुम्ही म्हणालात, "हिच्याच हृदयावरच्या पातळ पिशवीचा तुकडा कापून त्या भोकाला लावतील. घोंगडीला घोंगडीचंच ठिगळ."

"ठिगळ किती दिवस टिकंल, वन्सं?"

"टिकायचा प्रश्नच न्हाय. काही महिन्यांनी ते ठिगळ म्हणून दिसणारच न्हाय. टाका काय करतो? नुसता धरून ठेवतो. जोडायचं काम पेशींचं. कडेच्या पेशी सरकत सरकत येतील, त्या तुकड्यावर अस्तर धरतील, आन शेजारीण शेजारणीला टेकली की थांबतील. जादा एक बी वाढणार न्हाय."

"थांबायचं त्यांना कोण सांगतं?"

"एकमेकींना टेकल्यावर त्यांनाच कळतंय."

"आन न्हाय कळलं तर?"

 तुम्ही माझा हात हातात घेतलात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलात. मला एक शब्द कळत नव्हता. तुमचा आवाज मात्र मी दोरीसारखा धरला होता. तुम्ही बोलायचं थांबलात की मला त्या दारामागचं दिसायचं, म्हणून मी सारखी विचारत राहिले, आणि तुम्हाला ते माहीत होतं. म्हणून तर तुमचा घसा बसला त्या दिवशी. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती.

पोरगी घरी आली. छातीच्या मधोमध उभी रेघ. रंग पालटला, गाल भरले, भाकरी मागून खायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू पळू द्या, खेळू द्या. पण डॉक्टर सोलापुरात आणि काशाक्का शेजारच्या घरात.

काशाक्का म्हणजे यांची चुलती. वाईट बाई नव्हे. पण तिला प्रत्येक घराची काळजी, आणि ती काळजी ती दारोदार वाटत फिरायची. "फाटलेलं शिवलंय ओ, शिवलेलं कवा उसवंल सांगता येत न्हाय." बघता बघता सगळ्या गल्लीनं माझ्या पोरीला लोणच्याची बरणी करून टाकलं. लपाछपीत तिच्यावर राज्य यायचं नाही. पाण्याची घागर तिच्या हातात कुणी देईना. कुणाच्या पोरीनं तिला खो दिला, तर त्या पोरीची आई धावत येऊन आपल्याच पोरीला धपाटा घालायची, "मरंल ती! आपल्यावर येईल!" अश्विनी ओट्याच्या कडेला बसून इतरांचा खेळ बघायला शिकली. एक दिवस मी तिला हाक मारली, तर ती माझ्याकडं सावकाश, पायऱ्या मोजल्यासारखी चालत आली. पळता येत होतं, वन्सं. तिला वाटत होतं की येत नाही.

मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही कधी नव्हे त्या चिडलात. "डॉक्टरांनी भोक बुजवलं आन हे गाव तिला दुसरं पाडायलंय. ही पोरगी जन्मभर पेशंट म्हणून जगंल, शोभा. हिला शाळेत पळू देणार न्हायती, कामाला लावणार न्हायती, सोयरीक आली तर आधी रेघ दाखवतील." आणि लगेच विचारलंत, "कंदुरी कवा हाय?"

मला वाटलं विषय बदललात.

कंदुरीच्या दिवशी पिराच्या लिंबाखाली सगळी भावकी जमली होती. दगडाच्या चुलीवर हंड्या चढल्या, बाया कांदे चिरायला बसल्या. पिराची सेवा करणाऱ्या मुजावर चाचांनी फातेहा दिली, बोकड कापला, साफ करायला घेतला. इकडं आत्याबाईंनी मानाची ताटं काढली. नवस फिटला की नणंदेला लुगडं, ही आपली रीत. मी हौसेनं तुळजापूरहून हिरवं काठापदराचं आणलं होतं. आत्याबाई ते ताट घेऊन तुमच्यासमोर आल्या.

तुम्ही ताट बाजूला सारलंत.

"मला लुगडं नको. मानात बोकडाचं दिल पायजे. कच्चं. अख्खं."

वन्सं, मी जत्रेची हौस असलेली बाई. आजवर किती नाटकं, किती तमाशे बघितले असतील. पण त्या लिंबाखाली झालं तसं मी कुठल्या तंबूत बघितलं नाही. चिरलेल्या कांद्यानं डोळे पाणावलेल्या बाया तशाच वर बघत राहिल्या. हे हळूच मला म्हणाले, "आक्काला काय झालंय?" आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं.

"कमळे, अगं नवसाचा बोकड हाय! नैवेद्याच्या आधी कसं द्यायचं? पीर कोपंल!"

"नणंदेचा मान हाय. नणंद मागंल ते द्यायचं असतंय. का माझा मान ठेवायचा न्हाय?"

काशाक्का तावातावानं पुढं आली, "शिकून डोस्कं फिरलं बाईचं! चाचा, तुमी तरी सांगा!"

सगळ्यांनी मुजावर चाचांकडं बघितलं. चाचा हात धुऊन आले, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नैवेद्याला कलेजी लागती. ती म्या अलग ठेवलीया. दिलाबद्दल पिराचं काय म्हणणं न्हाय." आणि त्यांनी स्वतः ते परातीत घालून तुमच्यापुढं ठेवलं.

तुम्ही पिशवीतून कात्री काढलीत, सुई काढलीत, जाड दोरा काढलात. तयारीनं आला होतात तर! पोरं सगळ्यांत पुढं, मग बाया, मग पुरुष. आधी नाकाला पदर लावलेल्या बाया हळूहळू पुढं सरकल्या. तुम्ही ते दिल धुतलंत, कडेनं कापून उघडलंत.

"ही बघा मधली भिंत. इकडं मळकं रक्त, तिकडं साफ रक्त. हे बघा दोरे, पडद्याला बांधलेले, पडदा उलटा फिरू नये म्हणून. हे सगळं कशाचं बनलंय? मासाच्या पेशी. हाताला बी मास हाय, पर हाताच्या मासाला हुकूम लागतो. ह्याला लागत न्हाय. ह्याच्या दोन पेशी काढून वेगळ्या ठेवल्या तरी त्या आपापल्या धडकत्यात. एकीला दुसरी टेकली की दोघी एका ठेक्यावर येत्यात."

"हलगीवाल्यागत?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"बरोबर हलगीवाल्यागत. पर हलगीवाल्याला सुपारी लागती, ह्यांना न्हाय."

माणसं हसली. मग तुम्ही कात्रीच्या टोकानं त्या भिंतीला भोक पाडलंत. तांब्यानं एका बाजूला पाणी ओतलंत, ते दुसऱ्या बाजूनं वाहायला लागलं. "हे आमच्या अश्विनीचं झालं हुतं." बाया चुकचुकल्या. तुम्ही वरच्या पातळ पापुद्र्याचा तुकडा कापलात, भोकावर धरलात आणि शिवायला बसलात. शिवणकामात तुम्ही किती तरबेज होतात ते मला विचारा. तुमच्या पोलक्यांची बटणं मी लावायची! तरी भावकी श्वास रोखून बघत होती. शिवून झालं. दोरा तोडलात. विजयी चेहऱ्यानं तांब्या उचललात आणि पाणी ओतलंत.

थेंब. पुन्हा थेंब. मग बारीक धारच लागली.

"गळतंय की ओ बाई!" काशाक्का टाळी वाजवायचीच बाकी राहिली. "म्या काय म्हणत हुते? शिवलेलं गळायचंच!"

सगळं उलटलं, वन्सं. चारचौघांत, भावकीसमोर, अश्विनी माझ्या मांडीला बिलगून बघत असताना. आजवर कुजबुज होती. आता सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. मला वाटलं, आता परात उचलून घरी पळावं. मी तुमच्याकडं बघितलं. तुमचा चेहराही क्षणभर पडला होता. ते त्या गर्दीत मला एकटीला कळलं.

तुम्ही परातीत साठलेल्या पाण्याकडं बघितलंत. आणि तुमचं बोट वर गेलं. तेच, 'चूक!' म्हणणारं.

"काशाक्का, बरोबर बोललीस. गळतंय. कारण माझं शिवणकाम एवढंच. आन खरं सांगू का, डॉक्टरांचा टाका कितीबी बारीक असला तरी टाक्याचं काम एवढंच. हे गळतंय कारण हे मेलंय. ह्याच्या पेशींनी काम थांबवलं. जिवंत अंगात सुईच्या भोकाशी रक्त गोठतं, फट बुजती, मग कडेच्या पेशी वाढत येत्यात, विणत्यात. उद्या म्या हे परत बघितलं तरी ते असंच गळंल. परवा बी. ह्यात विणणारं कुणी उरलं न्हाय." मग तुम्ही हात धुतलेत आणि हाक मारलीत, "आश्वे, इकडं ये."

अश्विनी गेली. चालत गेली, सावकाश.

"काशाक्का, तू बी ये. लाव कान हिच्या छातीला. म्या सांगत न्हाय, तूच सांग, गळतंय का."

काशाक्का मागं सरली. पण आता सगळी भावकी तिच्याकडं बघत होती, आणि काशाक्का गर्दीला कधीच निराश करायची नाही. गुडघ्यावर हात ठेवून ती खाली बसली, डोक्यावरचा पदर मागं केला आणि कान लावला. बराच वेळ. इतका की बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"काय ऐकू येतंय?" तुम्ही विचारलंत.

"थांब की! ऐकू दे." आणि थोड्या वेळानं, एकदम बारीक आवाजात, "वाजतंय. नीट वाजतंय. धड... धड... मधी काय न्हाय." मग ती आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्यापरीस बरं हाय की हे!"

त्या हशानं लिंबावरचे पक्षी उडाले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही अश्विनीला म्हणालात, "ते वेशीकडचं बाभळीचं झाड दिसतंय? त्याला शिवून ये. पळत."

ती माझ्याकडं बघायला लागली. मी मान हलवली. माझी मान कशी हलली मला माहीत नाही. आणि पोरगी पळाली, वन्सं! फ्रॉकचा बंद सुटलेला, दोन वेण्या उडतायत, अर्ध्यात एक चप्पल निसटली ती तिनं तिथंच टाकली. बाभळीला हात लावला, वळली, आली. गालावर लाली, कपाळावर घाम, दात सगळे बाहेर. आणि येऊन काय म्हणाली? "आत्या, अजून एकदा जाऊ?"

तेव्हा कुठं तुम्ही हसलात. तेव्हा तुमचे डोळे भरून आले आणि तुम्ही कांदे चिरणाऱ्या बायांच्या अंगावर ओरडलात, "केवढा तिखट कांदा आणलाय गं!"

ते दिल मग हंडीत गेलं. तुमच्या मानाचं म्हणून तुमच्या पानात आलं, आणि तुम्ही त्याचे बारीक तुकडे करून सगळ्या पोरांना वाटलेत. "खावा. आता पोटात ह्याचे मणी सुटे व्हतील आन तुमच्या अंगात नवी माळ ओवली जाईल." एका पोरानं घाबरून विचारलं, "म्हणजे आमी बोकड व्हणार?" तुम्ही म्हणालात, "तू आधीच हायस."

हिरवं लुगडं मी परत ट्रंकेत ठेवलं. अश्विनीच्या लग्नात तेच तुम्हाला नेसवलं, तेव्हा मात्र तुम्ही मुकाट नेसलात.

आपलं एक भांडण मात्र राहून गेलं, वन्सं. पोरीला बरं कुणी केलं? तुम्ही म्हणायच्या डॉक्टरांनी आणि पेशींनी. मी म्हणायचे डॉक्टरांनी, पेशींनी आणि पिरानं. तुम्ही म्हणायच्या, पिराचा काय संबंध? मी म्हणायचे, कुठं थांबायचं ते पेशींना कळतं म्हणता. पण पहिल्यांदा कुणी शिकवलं? एका थेंबाएवढ्या पेशीच्या हजार पेशी होतात, त्यातल्या काही डोळा होतात, काही हाड होतात, काही हृदय होऊन आपणहून वाजायला लागतात. हे कुणी वाटून दिलं? कोणती भाऊबंदकी इतकी बिनभांडणाची वाटणी करते? तुम्ही म्हणायच्या, "त्येच शोधायलेत लोक." मी म्हणायचे, "सापडलं की सांगा. तवर पीर माझा." यावर तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायच्या. ते तुमचं मैदान सोडून जाणं होतं, मला ठाऊक होतं. आता दोघींपैकी एक तुम्ही तिकडं गेला आहात. कळलं असेल तर एकट्याच हसत बसला असाल, आणि मी बरोबर निघाले असेन तर हे कबूल करायला आता परत येणारही नाही. लबाड!

आणि एक सांगायचं होतं. कंदुरीच्या दिवशी पाणी गळालं तेव्हा मला खरंच वाटलं होतं की तुम्ही हरलात. मग तुम्ही ज्या रीतीनं त्या हरण्यालाच हाताशी धरलंत ते बघून मला काय वाटलं ते मी कधी बोलले नाही. मला वाटलं, ही माझी नणंद आहे. नुसतं एवढंच. या घरात मी भाकरी थापायला आले होते, आणि मला ही बाई मिळाली. तुमच्याशी बोलताना मी नेहमी फटकळ, कारण तसं नसतं तर मला सारखं हेच म्हणावं लागलं असतं.

आता तुम्हाला न्यायच्या दिवसाचं ऐका. ते ऐकायला तुम्ही जाग्या नव्हता, आणि ते चुकवलंत याचं मला फार वाईट वाटतंय.

तिरडी बांधून झाली. तुमचं स्वतःचं पोर नाही, म्हणून खांद्याला भाचे, चुलतभाऊ, गावातले विद्यार्थी. पुढचा दांडा कुणी धरायचा अशी चर्चा चालली होती. अश्विनी गोठ्याकडून आली. तिचं शेळीपालन तुम्हाला माहीतच आहे. मोठा शेड आहे, खुराकाची पोती स्वतःच उतरवते. दोन बाळंतपणं झालेली, हात लोखंडासारखे. तिनं पदर खोचला आणि पुढचा दांडा धरला.

"ए अश्विनी, तू नको," भावकीतले एक काका म्हणाले.

 इतक्या वर्षांनी पुन्हा? मी पुढं झाले. बोलायला तोंड उघडलं. मनात उत्तर तयार होतं, डॉक्टरांचं, पेशींचं, सगळं. तुम्ही शिकवलेलं.

"का नको?" अश्विनीनं विचारलं.

"बाईमाणसानं खांदा द्यायची पद्धत न्हाय आपल्यात."

वन्सं! फक्त बाई म्हणून! मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघतच राहिले. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला. बाईनं स्मशानात जावं का, बाईनं तिरडीला हात लावावा का, सगळा वाद तेवढाच. ठिगळाचं, रेघेचं, शिवलेलं उसवण्याचं, एक अक्षर कुणी काढलं नाही. कुणाच्या ध्यानातच नव्हतं! जिची गल्लीनं बरणी केली होती, तिचं ऑपरेशन झालं होतं हेच अख्खी भावकी विसरून गेली. त्या गर्दीत मला हसू फुटलं. तुम्ही गेल्याच्या दिवशी, तुमच्या तिरडीशेजारी उभी राहून मी हसले, आणि या वेळी पदर तोंडावर घेतला नाही.

बाईपणाचा वाद अश्विनीनं एका वाक्यात संपवला. "आत्याला माझ्यापरीस जवळचं कोण हाय, ते सांगा, म्या सोडते." आणि तिरडी उठली.

स्मशानाचा चढ तुम्हाला ठाऊक आहे. ओढ्यानंतर वाट सरळ अंगावर येते. मी मागून चालत होते. अर्ध्या चढावर एका भाच्यानं खांदा बदलला, मग दुसऱ्यानं. मागचे दोघं धापा टाकत होते. पुढचा डावा खांदा शेवटपर्यंत बदलला नाही. तुम्हाला खाली ठेवलं तेव्हा तिच्या खांद्यावर दांड्याचा लाल वळ उठला होता, आणि ती तो चोळत उभी होती.

मी तिच्याजवळ गेले. चढ चढून माझाच जीव घशाशी आला होता. मी विचारलं, "दम लागला का गं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"मला? कशाला लागंल?" ती म्हणाली. "तूच बस जरा, आई. किती धापा टाकायलीस."